इंदूरच्या विधिक सेवेत नवीन आलात? जमानत (जामीन) झालेला माणूस जेलबाहेर येईपर्यंतचं काम, पायरी पायरीने

हे लिहितेय ते नुकतेच पीएलव्ही म्हणजे पॅरा लीगल वॉलंटिअर झालेल्यांसाठी, आणि जे एलएडीसीच्या ऑफिसात, म्हणजे सरकारी खर्चाने आरोपीची केस लढणाऱ्या वकिलांच्या ऑफिसात, डेटा एंट्रीला किंवा असिस्टंट म्हणून लागलेत त्यांच्यासाठी. लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग इकडून आपली बरीच मराठी मुलं-मुली या कामात येतात, रिटायर झालेले काका-काकू पण येतात, मन लावून करतात, पण ट्रेनिंगमध्ये कलमं सांगतात आणि सकाळी साडेदहाला नेमकं कुठे जायचं, कोणाला काय विचारायचं, कुठला कागद मागायचा हे कोणी बसून सांगत नाही. म्हणून जरा लांबण लागली तरी सगळं लिहिते.

एक गोष्ट आधीच मनात पक्की करा. जेलमध्ये बसलेला प्रत्येक माणूस न्यायाधीशांनी नाही म्हटलं म्हणून बसलेला नसतो. पुष्कळ लोक कुठला तरी कागद अडकलाय म्हणून बसलेले असतात, जमानतदार मिळत नाही, ऑर्डरमध्ये बापाचं नाव चुकलंय, चालान म्हणजे पोलिसांचं दोषारोपपत्र वेळेत आलं नाही आणि कोणाच्या लक्षातच आलं नाही, दुसऱ्या केसमधलं वारंट बाकी आहे जे घरच्यांना माहीतच नाही. वकील कोर्टात उभे राहतील, बोलतील, ते त्यांचं काम. तो अडकलेला कागद शोधणं आणि हलवणं हे आपलं काम आहे, आणि ते नीट झालं तर कोणाचे तरी दोन-चार महिने वाचतात.

पहिलं: कोण कुठे बसतं आणि कोणाच्या हातात काय आहे

इंदूरमध्ये आपलं ऑफिस जिल्हा विधिक सेवा प्राधिकरणाच्या खाली चालतं, जिल्हा न्यायाधीश त्याचे अध्यक्ष, आणि रोजचं सगळं सचिव बघतात जे स्वतः न्यायिक अधिकारीच असतात. वरती राज्याचं प्राधिकरण जबलपूरला, त्याच्या वर दिल्लीचं नालसा, म्हणजे राष्ट्रीय विधिक सेवा प्राधिकरण. महू, सांवेर, देपालपूर या तहसिलीच्या कोर्टांसाठी तहसील विधिक सेवा समित्या वेगळ्या. तिकडची केस असेल तर इंदूरच्या कोर्टात रीडरकडे, म्हणजे न्यायाधीशांसमोर फाईली ठेवणाऱ्या बाबूकडे, चकरा मारून काही उपयोग नाही, आधी कोर्ट कोणतं ते बघा.

नवीन माणसाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे कमिश्नरी. डिसेंबर २०२१ पासून इंदूर शहरात पोलीस कमिश्नर पद्धत आहे, त्यामुळे शांतता भंगाच्या ज्या प्रतिबंधात्मक कारवाया असतात, ज्याला इथे सगळे अजूनही एकशे सात-सोळा आणि एकशे एक्कावन म्हणतात (नव्या कायद्यात ती कलमं १२६, १३५ आणि १७०), त्या शहरात पोलिसांच्याच एसीपीपुढे चालतात, ते तिथे कार्यपालक मॅजिस्ट्रेट असतात. ग्रामीण भागात हेच काम एसडीएम म्हणजे उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे. आता होतं काय की घरचे येतात, मुलगा दोन दिवसांपासून जेलमध्ये आहे म्हणतात, तुम्ही ई-कोर्ट्सच्या ॲपवर नाव टाकता आणि काहीच सापडत नाही. सापडणार नाहीच, कारण ते प्रकरण जिल्हा कोर्टात नाहीच आहे. अशा वेळी पहिला प्रश्न हाच विचारायचा की कुठल्या थाण्याने पकडलं आणि कलम काय लावलं. एवढ्या एका प्रश्नाने अर्धा दिवस वाचतो.

आणि हो, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्यात, पण त्याआधीचे गुन्हे जुन्या भादंविवरच चालू आहेत. म्हणजे एकाच दिवशी तुमच्या हातात ३७९ ची चोरी पण असेल आणि ३०३ ची पण, गुन्हा तोच. दोन्ही नंबर माहीत ठेवा. वहीच्या मागच्या पानावर जुनं-नवं कलमांचा एक छोटा तक्ता करून ठेवला की महिनाभरात पाठ होतो.

दुसरं: स्वतःचं रजिस्टर

ऑफिसात कॉम्प्युटर असतो, कोर्टाचं सीआयएस असतं, जेलचं ई-प्रिझन्स असतं, पोलिसांचं सीसीटीएनएस असतं, आणि ही सगळी एकमेकांशी जोडण्याची आयसीजेएस नावाची व्यवस्था पण आहे. तरी मी प्रत्येक नवीन माणसाला सांगते की आपलं रजिस्टर वेगळं ठेवा, एक्सेलमध्ये ठेवा पाहिजे तर, पण ठेवा, कारण त्या सिस्टीममध्ये केस असते आणि आपल्याला माणूस धरून चालायचंय. एका माणसाच्या तीन केसेस असल्या तर कोर्टाला त्या तीन फाईली दिसतात, जेलला तीन वारंट दिसतात, आणि तिन्ही एकत्र बघणारं कोणी असेल तर ते तुम्हीच.

रजिस्टरात काय पाहिजे ते सांगते. नाव आणि बापाचं नाव जेल वारंटवर जसं आहे अगदी तसं, आपल्याकडे पोलीस लिहितात ना, राजेश पिता कैलाश, तसं, आणि त्याच्या शेजारी आधार कार्डावर काय आहे ते. वय, आणि ते वय कुठून कळलं. थाणं, अपराध क्रमांक आणि वर्ष, कलमं सगळीच्या सगळी, कोर्टाचं नाव, सीएनआर नंबर, हा सोळा अक्षर-अंकांचा असतो आणि एकदा मिळाला की केस कधीच हरवत नाही. अटकेची तारीख, पहिल्या रिमांडची तारीख (या दोन्ही वेगळ्या लिहा, का ते पुढे सांगते), चालान पेश झालं का आणि कधी, वकील कोण, जमानत अर्ज लागला का, ऑर्डर कधी झाली, अट काय, जमानतदार आला का, सुटला का. आणि एक कॉलम घरच्यांच्या फोनचा, त्यात दोन नंबर, कारण एक नक्की बंद असतो.

नावं हिंदीत, देवनागरीतच लिहा. कोर्टाचं कामकाज हिंदीत, वारंट हिंदीत, आपण इंग्रजीत टाईप केलं की स्पेलिंगवरून सर्च फसतो.

तिसरं: जेलमध्ये जाणं

इंदूरला सेंट्रल जेल आणि जिल्हा जेल वेगवेगळी आहेत, आधी नक्की करा माणूस कुठे आहे. प्राधिकरणाचं आयडी कार्ड, परवानगीचं पत्र बरोबर पाहिजे, फोन गेटवर जमा करावा लागतो, त्यामुळे जे नंबर लागणार आहेत ते कागदावर उतरवून न्या. गेटवरच्या स्टाफशी नीट बोला, आदराने बोला, ते लोक पण दिवसभर मोजणी, आमद-रिहाई म्हणजे कोण आलं कोण सुटलं, कोर्टात पेशीला नेणाऱ्या गाड्या यातच अडकलेले असतात, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यापैकी चांगले लोक आपल्याला स्वतःहून सांगतात की मॅडम, अमक्या बॅरेकमध्ये एक म्हातारा आहे त्याला भेटायला कोणीच येत नाही, त्याचं जरा बघा.

आतमध्ये लीगल एड क्लिनिक असतं, तिथे शिक्षा झालेल्या बंद्यांपैकी काही जणांना पीएलव्हीचं ट्रेनिंग दिलेलं असतं. त्यांना सोबत घ्या. नवीन आलेला बंदी तुमच्यासमोर घाबरून हो-हो करेल पण त्यांच्याशी मोकळं बोलतो. झाबुआ, अलीराजपूर, धारकडून आलेले लोक भिली बोलतात, खरगोनकडचे निमाडी, त्यांना कोर्टाची हिंदी कळते असं धरून चालू नका. आणि भुसावळ, जळगावकडून कामाला आलेला कोणी सापडला तर मराठीत बोला, चेहरा लगेच बदलतो, आणि घरचा पत्ता नीट मिळतो जो वारंटवर बहुतेक वेळा चुकलेला असतो.

काय विचारायचं, तर पुढची तारीख माहीत आहे का, वकील कोण, त्याला शेवटचा कधी भेटलास, आणखी कुठे केस आहे का, घरी कोणाला कळवलंय का, तब्येत कशी आहे, औषध चालू होतं का. गुन्हा केला की नाही हे अजिबात विचारायचं नाही. तो सांगायला लागला तर थांबवा आणि म्हणा, दादा, हे वकिलांना सांग. आपण वकील नाही, आपल्याला सांगितलेलं त्याच्या अंगाशी येऊ शकतं.

ज्याला वकील नाही त्याचा अर्ज तिथेच भरून घ्या. १९८७ च्या विधिक सेवा कायद्याच्या कलम १२ मध्ये जे कस्टडीत आहेत ते सगळे फुकट वकिलाला पात्र आहेत, उत्पन्न कितीही असो. बाया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना पण उत्पन्नाची अट नाही. नवीन लोक उगीच उत्पन्नाचा दाखला मागत बसतात आणि घरचे तहसीलमध्ये चकरा मारतात, कृपा करून असं करू नका. घरच्यांना १५१०० हा नालसाचा हेल्पलाईन नंबर पण लिहून द्या.

एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघायची, ती म्हणजे वय. चेहरा कोवळा वाटला, आणि वारंटवर १९ लिहिलंय, तर शाळा विचारा. कुठल्या शाळेत होतास, कितवीत सोडली, सर कोण होते. मग घरच्यांकडून शाळेचा जन्मतारखेचा दाखला मागवा. किशोर न्याय कायद्यात वय ठरवताना शाळेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट आधी बघतात, ते नसेल तर नगर निगम किंवा पंचायतीचा जन्म दाखला, आणि दोन्ही नसले तरच हाडांची मेडिकल तपासणी. गुन्ह्याच्या दिवशी तो अठराच्या आत होता हा मुद्दा कधीही, कुठल्याही कोर्टात मांडता येतो, त्यामुळे उशीर झालाय असं समजून सोडून देऊ नका. अठराच्या आतलं पोरगं मोठ्यांच्या जेलमध्ये एक रात्र पण राहता कामा नये.

बायकांच्या वॉर्डात गेलात तर मुलांचं विचारा. सहा वर्षांपर्यंतचं मूल आईसोबत आत राहू शकतं. पण बाहेर राहिलेल्या मुलांचं काय, ती कोणाकडे आहेत, शाळेत जातात का, हे सहसा कोणी विचारत नाही. गरज वाटली तर सचिवांना सांगून बाल कल्याण समितीपर्यंत पोचवा.

चौथं: तारखा मोजणं

आपल्या कामातला सगळ्यात मोठा फायदा इथे आहे आणि सगळ्यात जास्त हलगर्जीपणा पण इथेच होतो.

पोलिसांना तपास संपवून चालान पेश करायला ठरलेले दिवस असतात, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८७. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं आणि त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकीच्यात ६०. ड्रग्जच्या मोठ्या, व्यापारी मात्रेच्या केसेसमध्ये १८०. त्या मुदतीत चालान नाही आलं तर जमानत हा हक्क होतो, केस कशी आहे वगैरे काही बघायचं नसतं. पण हा हक्क मागावा लागतो, आणि अर्ज लागायच्या आधी चालान पेश झालं तर हक्क गेला. म्हणजे खेळ एका-एका दिवसाचा आहे.

दिवस अटकेपासून नाही, पहिल्या रिमांडपासून मोजायचे, आणि रिमांडचा दिवस धरून मोजायचे, हे सुप्रीम कोर्टाने मार्च २०२३ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने स्पष्ट केलंय. समजा अटक १० जानेवारीला, कोर्टात ११ ला हजर केलं. तर ११ जानेवारी हा पहिला दिवस. ३१ जानेवारीला २१ होतात, २८ फेब्रुवारीला ४९, आणि ११ मार्चला ६०. म्हणजे १२ मार्चला सकाळी वकिलांच्या हातात अर्ज तयार पाहिजे, त्या दिवशी टाईप करायला बसायचं नाही. मी पन्नासाव्या दिवसाला लाल पेनाने खूण करायला सांगते, म्हणजे वकिलांना सांगायला, वकालतनामा तपासायला, चालान आलं का ते कोर्टातून खात्री करायला दहा दिवस मिळतात. ६० की ९० अशी शंका आली तर स्वतः ठरवू नका, कलमं वकिलांसमोर ठेवा आणि त्यांचं उत्तर रजिस्टरात लिहा.

दुसरी तारीख त्याच संहितेच्या कलम ४७९ ची. विचाराधीन बंदीने, म्हणजे ज्याची केस अजून चालू आहे त्याने, जास्तीत जास्त शिक्षेच्या अर्धा काळ आत काढला तर त्याला जमानतीवर सोडायची तरतूद आहे, आणि पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेला, आधी कधी शिक्षा न झालेला असेल तर एक तृतीयांशच. जन्मठेप किंवा मृत्युदंडाचा गुन्हा असेल तर हे लागू नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की १ जुलै २०२४ च्या आधीच्या केसेसना पण याचा फायदा द्यायचा. अर्ज पाठवायची जबाबदारी कायद्याने जेल अधीक्षकांवर टाकलीय, पण यादी आपण तयार करून दिली तर काम पटकन होतं.

इथे सगळी कलमं का लिहायला सांगितली ते कळेल. साधी चोरी, ३०३, शिक्षा तीन वर्षांपर्यंत, म्हणजे पहिल्यांदा सापडलेल्याचं एक तृतीयांश एका वर्षात पूर्ण होतं. घरातली चोरी, ३०५, सात वर्षं, तर दोन वर्षं चार महिने. आणि रात्री कुलूप तोडून चोरीला शिरला म्हणून ३३१ (४) लावलं असेल तर शिक्षा थेट चौदा वर्षांपर्यंत जाते, मग एक तृतीयांश म्हणजे चार वर्षं आठ महिने. तीनही जण विचारलं तर चोरीचीच केस आहे म्हणतील. शिवाय ४७९ मध्येच म्हटलंय की एकापेक्षा जास्त गुन्हे किंवा जास्त केसेस चालू असतील तर या कलमाखाली सोडणार नाहीत, म्हणून ती यादी पाठवायच्या आधी त्या माणसाच्या सगळ्या केसेस शोधा. आणि या कलमात न बसणाऱ्याचा साधा जमानत अर्ज लागू शकतोच, त्याला वाऱ्यावर सोडायचं नाही.

हे सगळं जातं विचाराधीन बंदी समीक्षा समितीपुढे. जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष, कलेक्टर, पोलीस, जेल आणि आपले सचिव. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सांगण्यावरून प्रत्येक जिल्ह्यात बसली ही. बैठकीच्या आधी आठवडाभर यादी पुन्हा तपासा, कोण सुटलं, कोणाचं चालान आलं. जुनी यादी पुढे सरकवली तर मोठ्या लोकांचा वेळ जातो आणि खऱ्या गरजूचं नाव मागे पडतं.

पाचवं: जमानत झाली, माणूस अजून आतच

इथे मला सगळ्यात जास्त लिहायचंय.

घरचे येतात आणि विचारतात, ताई, जमानत तर परवाच झाली म्हणाले वकीलसाहेब, मग सोडत का नाहीत? त्यांना शांतपणे समजावून सांगा की ऑर्डर म्हणजे अर्धं काम. ऑर्डरमध्ये लिहिलेलं असतं की इतक्या रुपयांचा मुचलका, म्हणजे आरोपीची स्वतःची लेखी हमी, आणि तेवढ्याच रकमेची जमानत. म्हणजे कोणीतरी जमानतदार कोर्टात उभा राहिला पाहिजे, त्याचे कागद तपासले गेले पाहिजेत, मग रिहाई आदेश निघतो, तो जेलमध्ये पोचतो, जेलवाले बघतात की दुसऱ्या केसमध्ये वारंट नाही ना, आणि मग दार उघडतं. संध्याकाळी जेलची कुलपं लागल्यावर आदेश पोचला तर सकाळवर गेलं.

जमानतदाराचं आपल्याकडे असं आहे की बहुतेक जमिनीची ऋण पुस्तिका, म्हणजे जमीन कोणाच्या नावावर ते दाखवणारी वही, लागते, माळव्यात तिला पावती म्हणतात. पावती, आधार, फोटो, शपथपत्र घेऊन जमानतदार रीडरकडे जातो, आणि त्या पावतीवर कोर्ट नोंद करतं की ही अमक्या केसमध्ये अमक्या रकमेला लागलीय. म्हणून पावती आधी स्वतः उघडून बघा. आधीच्या कुठल्या जमानतीची नोंद आहे का, ती मोकळी झाली का, खात्यात नाव त्याच माणसाचं आहे की अजून बापाच्याच नावावर आहे. हे कोर्टात कळलं तर दिवस गेला, ऑफिसात कळलं तर दुपारपर्यंत दुसरा जमानतदार बोलावता येतो.

आणि कोर्टाबाहेर पैसे घेऊन जमानत देतो म्हणणारे लोक भेटतील. घरच्यांना स्पष्ट सांगा, यात पडू नका. खोटी पावती निघाली तर जमानत रद्द होते, वर नवीन गुन्हा लागतो, आणि गरीब माणसाचे व्याजाने काढलेले पैसे बुडतात ते वेगळेच.

शहरात भाड्याने राहणाऱ्या माणसाकडे पावती कुठून येणार? आणि जळगावच्या माणसाचा भाऊ सातबारा घेऊन आला तर? त्याला परक्या जिल्ह्याचा आहे म्हणून परत पाठवायचं नसतं. हा निकाल आपल्या मध्य प्रदेशचाच आहे, मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश शासन, १९७८. गवंडीकाम करणारा माणूस, दहा हजाराची जमानत सांगितली होती, भावाची जमानत नाकारली कारण भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला एक हजाराच्या स्वतःच्या मुचलक्यावर सोडलं आणि स्थानिकच जमानतदार पाहिजे हा आग्रह चुकीचा म्हटलं. मग ३१ जानेवारी २०२३ ला सुप्रीम कोर्टाने जमानतीबद्दल ज्या सूचना दिल्या त्यात पण हेच आलं. वकिलांना या दोन्हींची प्रत फाईलला लावून द्या.

त्या २०२३ च्या सूचना तर आपल्या कामाचा कणाच आहेत, प्रिंट काढून टेबलाच्या काचेखाली ठेवा. थोडक्यात असं की जमानतीच्या ऑर्डरची सॉफ्ट कॉपी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जेल अधीक्षकांना ईमेलने जायला पाहिजे. ऑर्डरनंतर सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जेलने प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, आणि सचिव पीएलव्ही किंवा जेलला जाणाऱ्या वकिलांना त्याच्याकडे पाठवू शकतात. तो जमानत भरूच शकत नसेल तर त्याच्या घरच्या परिस्थितीचा रिपोर्ट बनवून अट हलकी करायला कोर्टापुढे ठेवायचा. आणि एक महिना उलटला तरी मुचलका भरला गेला नाही तर कोर्ट स्वतःहून अट बदलायचा विचार करू शकतं.

म्हणून रजिस्टरात ऑर्डरच्या तारखेसमोर आणखी दोन तारखा तेव्हाच लिहून टाका, सातवा दिवस आणि तिसावा दिवस. जेलकडून निरोप यायची वाट बघत बसू नका, सातव्या दिवशी आपणच फोन करायचा.

परिस्थितीचा रिपोर्ट लिहिताना फक्त गरीब आहे, मजुरी करतो असं लिहू नका, त्यावरून न्यायाधीशांना काहीच दिसत नाही. घरी जा. एक खोली, भाडं किती, किती वर्षांपासून त्याच वस्तीत, घरात कमावणारं कोण, त्याच्या आत जाण्याने कोणाचं काम सुटलं, पोरं कोणत्या शाळेत, आई आजारी असेल तर एमवाय या सरकारी हॉस्पिटलचा कागद, शेजारी कोण ओळखतात. त्याच वस्तीत अनेक वर्षं राहतोय आणि पोरं जवळच्या सरकारी शाळेत आहेत हे कळलं की तो पळून जाणार नाही हे न सांगता कळतं, आणि मुद्दा तोच असतो. जे बघितलं तेवढंच लिहा, वाढवून एक ओळ पण नको, कारण एकदा रिपोर्ट खोटा निघाला की पुढच्या सगळ्यांच्या रिपोर्टवरचा विश्वास जातो.

जमानती गुन्ह्यात, म्हणजे जिथे जमानत हक्कानेच मिळते तिथे, तर त्याच नागरिक सुरक्षा संहितेत आहे, कलम ४७८, अटकेपासून आठवड्याभरात जमानतदार देऊ शकला नाही तर तो ऐपत नसलेला समजायचा आणि स्वतःच्या मुचलक्यावर सोडायचं. अशी माणसं आत सापडली की लगेच वकिलांना सांगा, रिपोर्टची वाट बघायची नाही.

नाव चुकलंय ही भानगड पण इथेच उघड होते. ऑर्डरमध्ये राजू पिता कैलाश, वारंटवर राजेश पिता कैलाशचंद्र, जेल सोडणार कशी? त्यांची पण चूक नाही, चुकीचा माणूस सुटला तर त्यांची नोकरी जाते. सुधारणेचा अर्ज त्याच कोर्टात लागतो, लहानसा असतो. पण तुम्ही जमानत अर्ज टाईप होतानाच वारंटवरचं नाव बघून टाकलं तर ही वेळ येतच नाही.

सहावं: पैशाची अडचण

कोर्टाने रोख रक्कम भरायला सांगितली आणि घरात ती नाहीच, तर २०२३ पासून केंद्राची गरीब बंद्यांच्या मदतीची योजना आहे. योजना आली तेव्हा विचाराधीन बंद्याच्या जमानतीसाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५,००० पर्यंत अशी मर्यादा ठेवली होती, सध्याची मर्यादा अर्ज करताना ऑफिसात तपासून घ्या. जिल्ह्याची समिती मंजूर करते आणि पैसे कोर्टात भरले जातात, हातात मिळत नाहीत. भ्रष्टाचार, मनी लाँडरिंग, ड्रग्ज, यूएपीए यांच्या केसेसना ही मदत नाही. दंड भरायला पैसे नाहीत म्हणून शिक्षा संपूनही आत बसलेले लोक असतात, जेलच्या क्लिनिकमध्ये मुद्दाम विचारा, हे लोक स्वतः कधी सांगत नाहीत, त्यांना वाटतं हे असंच असतं.

आणि आपण, म्हणजे पीएलव्ही आणि ऑफिसचे लोक, कोणाकडूनही एक रुपया घ्यायचा नाही. चहा पण आपला आपण प्या. घरचे प्रेमाने पेढे आणतात सुटल्यावर, हात जोडा आणि त्यांच्याच पोरांना द्या म्हणा. कुठल्या खासगी वकिलाचं कार्ड पण पुढे करायचं नाही. एकदा गेटवर आणि कोर्टात तुमची ओळख पैसे न घेणारा माणूस अशी झाली की बंद दारं उघडतात, मग कोणाची ओळख लागत नाही.

सातवं: सुटल्यानंतर

सुटलेल्या माणसाला वाटतं केस संपली. खूप जणांना खरंच असं वाटतं. म्हणून सुटायच्या दिवशीच, जमलं तर घरच्यांसमोर, एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या, पुढची तारीख, कोर्ट कोणतं, कितव्या मजल्यावर, वकिलांचं नाव आणि फोन, आणि जमानतीच्या अटी, म्हणजे थाण्यात हजेरी लावायची असेल तर कोणत्या वारी, शहर सोडायचं नसेल तर ते. वाचता येत नसेल तर घरातल्या शाळेत जाणाऱ्या पोराला वाचून दाखवायला सांगा. तारीख चुकली तर वारंट निघतं, जमानतदाराची रक्कम जप्त व्हायची पाळी येते, आणि दुसऱ्यांदा जमानत मिळणं फार अवघड जातं, हे तिथेच सांगा. मजुरीला गुजरातकडे किंवा पुण्याकडे जायचं असेल तर आधी वकिलांना विचार म्हणावं, गुपचूप जाऊ नको.

तारखेच्या दोन दिवस आधी फोन करा. एक नंबर बंद लागेल, दुसरा लावा. त्याच दिवशी संध्याकाळी ई-कोर्ट्सवर सीएनआर टाकून पुढची तारीख बघा आणि रजिस्टरात भरा. सुटला म्हणून रजिस्टरातून नाव कापायचं नाही, निकाल लागेपर्यंत ते नाव तसंच ठेवायचं आणि शेजारी प्रत्येक नवी तारीख लिहीत जायची.